साक्षीदाराला विचारलेला पहिला प्रश्न



साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो, आरोपीकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, "हाच तो." तो खोटं बोलत असेल, तर उलटतपासणीत वकील त्याला उघडा पाडू शकतात. पण साक्षीदार मनापासून खरं बोलतोय आणि तरीही चुकतोय, तर त्याला कोण पकडणार?

१९७४ साली अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी दीडशे विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची छोटी फिल्म दाखवली. काहींना विचारलं, "गाड्या धडकल्या तेव्हा वेग किती होता?" काहींना विचारलं, "गाड्या जोरात आदळल्या तेव्हा वेग किती होता?" तिसऱ्या गटाला वेगाबद्दल काहीच विचारलं नाही. आठवड्याने सगळ्यांना बोलावून इतर प्रश्नांबरोबर हेही विचारलं : फुटलेल्या काचा दिसल्या का? फिल्ममध्ये काच कुठेच फुटली नव्हती. 'धडकल्या' ऐकलेल्या पन्नासांपैकी सात जणांना ती आठवली. 'आदळल्या' ऐकलेल्या पन्नासांपैकी सोळा जणांना. प्रश्नातला एक शब्द त्यांच्या आठवणीत जाऊन बसला होता.

पुढे गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफिल्ड यांनी १९९८ साली आणखी अस्वस्थ करणारी गोष्ट दाखवली. गुन्हेगाराचा फोटो मुद्दाम वगळून त्यांनी लोकांना ओळख पटवायला लावली. निवड अर्थातच प्रत्येकाची चुकली. त्यातल्या काहींना सांगितलं, "छान, संशयित बरोबर ओळखलात." तेवढ्यानं ही माणसं सांगू लागली की, आम्हाला सुरुवातीपासूनच खात्री होती, चेहरा अगदी नीट दिसला होता. कोर्टात ठाम बोलणाऱ्या साक्षीदाराचं वजन पडतं. तो ठामपणा कुणी, कधी भरला, हे मात्र कागदावर येत नाही.

आपल्याकडची ओळख परेड पाहा. आरोपीबरोबर त्याच्यासारखे दिसणारे निदान सहा डमी उभे करायचे, आरोपीनं आपली जागा स्वतः निवडायची, पोलिसांनी बाहेर जायचं, पंचांसमोर सगळं लिहून काढायचं. हे नियम शहाणपणाचे आहेत. त्यात दोन गोष्टींची भर पडावी असं मला कळकळीनं वाटतं. परेड घेणाऱ्या अधिकाऱ्यालाही आरोपी कोणता हे ठाऊक नसावं, म्हणजे त्याच्या नजरेतून, आवाजातून काही सुटणार नाही. आणि बोट दाखवल्याबरोबर, कुणी काही बोलायच्या आत, "तुम्हाला किती खात्री आहे?" हे विचारून साक्षीदाराच्याच शब्दांत टिपून ठेवावं. याला पैसा लागत नाही.

पण खरी मेख त्याच्याही आधी आहे. सरतपासणीत सूचक प्रश्नांना हरकत घेण्याची सोय १८७२ च्या पुरावा कायद्यापासून आहे, आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. पण ही राखण सुरू होते कोर्टात, घटनेनंतर कित्येक महिन्यांनी, कधी वर्षांनी. "त्याच्या हातात सुरा होता ना?" हा प्रश्न तोवर पोलीस ठाण्यात विचारून झालेला असतो. जबाब वाचा : "माझ्या समक्ष अमुक घडले, तमुक घडले." ओघवतं निवेदन असतं. ज्या प्रश्नानं ते बाहेर आलं, तो प्रश्न बहुधा कुठेच नसतो.

पोलिसांसमोरचा जबाब ध्वनिचित्रमुद्रित करण्याची मुभा कायद्यानं दिलेली आहे, सक्ती नाही. निदान ज्या खटल्यात सगळी भिस्त एका साक्षीदाराच्या ओळखीवर आहे, तिथे तरी ती सक्ती व्हावी, आणि पहिल्या प्रश्नापासून व्हावी. बचावाच्या वकिलांना आणि न्यायाधीशांना उत्तराबरोबर प्रश्नही ऐकायला मिळायला हवा.