मुदतीचे ओझे आणि मनाचे स्वास्थ्य

(हीरक महोत्सवानिमित्त नेपियर टाउन, जबलपूर येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



स्नेहसंमेलनाच्या आधीचा आठवडा बहुतेक शाळांत सारखाच असतो. नाटकाचा तिसरा प्रवेश अजून बसलेला नसतो, हस्तलिखिताची चार पाने कोरी असतात, समूहगीतातील एका मुलीचा घसा बसलेला असतो. घरी मूल धड जेवत नाही, विचारले की चिडते, रात्री उशिरापर्यंत जागते. कार्यक्रम पार पडतो, टाळ्याही मिळतात. पण त्या धावपळीने दमलेले एखादे मूल मनाशी ठरवून टाकते की पुढच्या वर्षी यात पडायचे नाही. मराठी मुलुखापासून दूर, नर्मदेच्या काठी चालणाऱ्या मराठी शाळेत ही हानी मोठी आहे. इथल्या मुलाला बाजारात, रस्त्यावर आणि मित्रांत हिंदीच भेटते. नाटकातील संवाद पाठ करताना, हस्तलिखितासाठी कविता जुळवताना मराठी त्याची स्वतःची होते. त्या कामाची धास्ती बसली, तर कलेबरोबर भाषाही हातची सुटते.

म्हणून प्रश्न असा की, ठरलेल्या दिवशी काम पूर्ण करायचेच आहे आणि ते कलेचे काम आहे, अशा वेळी उत्साह टिकवून मन शांत कसे ठेवावे? मराठी माणसाला या प्रश्नाचे उत्तर फार दूर शोधावे लागत नाही.

पुण्याचे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. त्यानंतर दीड वर्षाने, १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी या केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. कल्पना सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडके यांचे. कवी आणि संगीतकार दोघेही १९१९ साली जन्मलेले, म्हणजे तेव्हा पस्तिशीत होते. दोघांच्याही मागे चित्रपटांची कामे होती. तरीही दर आठवड्याला एक नवे गीत लिहिले जाई, त्याला चाल लागे, गायक आणि वादकांबरोबर त्याची तालीम होई, ध्वनिमुद्रण होई आणि शुक्रवारी सकाळी पावणेनऊला ते घरोघरी ऐकले जाई. एका रामनवमीपासून पुढच्या रामनवमीपर्यंत हा क्रम चालला. योजना बावन्न गीतांची होती. पण त्या वर्षी अधिक भाद्रपद आल्यामुळे वर्ष लांबले आणि गीतांची संख्या छप्पन्न झाली.

छप्पन्न आठवडे, छप्पन्न मुदती. एवढ्या ताणाखाली दोघेही कोमेजून जायला हवे होते. तसे झाले नाही, कारण त्या कामाची घडणच माणसाला आधार देणारी होती.

पहिला आधार कथेचा होता. पुढच्या आठवड्यात काय लिहायचे, हा प्रश्न कवीपुढे नव्हता. वाल्मीकींनी क्रम लावून ठेवला होता. कवीला प्रसंगातील क्षण निवडायचा होता आणि तो कोणाच्या मुखातून सांगायचा हे ठरवायचे होते. पुष्कळदा माणसाला थकवते ते काम नसते, कामाआधीची अनिश्चितता असते. चौकट आधी ठरली की सगळे बळ आतील चित्रावर खर्च करता येते.

दुसरा आधार लयीचा. शुक्रवार ठरलेला, वेळ ठरलेली. एका गीताचे कौतुक फार काळ मिरवायला सवड नव्हती आणि एखादे मनासारखे उतरले नाही तर झुरत बसायलाही नव्हती. योगायोग असा की, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी लंडनच्या ‘द इकॉनॉमिस्ट’मध्ये एक मिस्कील लेख लिहिला आणि सांगितले की, कामाला जितका वेळ द्यावा तितके ते पसरत जाते. तीन महिने हाती असले तरी हस्तलिखित शेवटच्या चार दिवसांतच का लिहिले जाते, याचे उत्तर त्यात आहे. एक मोठी मुदत माणसाला आधी आळशी करते आणि मग घाबरवते. तिचेच लहान लहान तुकडे केले की प्रत्येक तुकडा पेलण्याजोगा होतो.

तिसरा आधार सोबतीचा. गीते एकाच गळ्यावर सोपवलेली नव्हती. स्वतः फडके गात होतेच. शिवाय माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, राम फाटक, ललिता फडके अशा अनेकांचे स्वर त्यात आले. कवीचे काम जिथे संपे तिथे संगीतकाराचे सुरू होई, आणि पुढचे गायक-वादक उचलत. आपल्या वाट्याचे झाले की ते विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपवणे, ही मनःशांतीची मोठी जागा आहे. सगळे स्वतःच करू पाहणारा कार्यकर्ता दमतो आणि इतरांनाही दमवतो.

पहिल्याच गीताच्या वेळचा प्रसंग पुष्कळांना ठाऊक असेल. लिहून दिलेला कागद ऐन ध्वनिमुद्रणाच्या वेळी गहाळ झाला. प्रक्षेपणाची वेळ जाहीर झालेली होती. कवी संतापले आणि पुन्हा लिहायला राजी होईनात. तेव्हा लाडांनी त्यांना लेखनसाहित्यासह एका खोलीत बसवले आणि बाहेरून दार लावून घेतले, असे सांगतात. थोड्याच वेळात गीत पुन्हा कागदावर उतरले. पालकांनी यातून मुलाला खोलीत कोंडण्याचा धडा घेऊ नये. धडा निराळा आहे. शांत माणसालाही राग येतो. पण विषय मनात पुरेसा मुरलेला असेल तर रागाचा भर ओसरताच काम पुन्हा हाती लागते. कागद हरवला होता, गीत हरवले नव्हते. तयारी कागदापेक्षा मनात अधिक असावी, ती यासाठी.

उत्साहाचा विचार करताना स्वयंपाकघर विसरून चालणार नाही. दादासाहेब फाळके यांनी चित्रपट काढण्याआधी वाटाण्याचे रोप कसे वाढते, याचे छायाचित्रण थोड्या थोड्या अंतराने, धीराने केले. पुढे ‘राजा हरिश्चंद्र’ तयार झाला आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांसमोर आला. त्या चित्रपटामागे सरस्वतीबाई फाळके यांचे कष्ट होते. काम करणाऱ्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाक त्या करीत, शिवाय फिल्मला छिद्रे पाडण्यासारख्या तांत्रिक कामातही हात लावीत. वेळेवर मिळालेले गरम जेवण हेही निर्मितीचे साधन आहे. जो मुलगा रात्री बारापर्यंत रंगकाम करून सकाळी उपाशीपोटी शाळेत येतो, त्याची चिडचिड हा स्वभावदोष नसतो. ती भूक आणि अपुरी झोप असते. दिवसा पाठ केलेले झोपेत पक्के होते, म्हणून जागरण करून पाठांतर करणारा दुहेरी तोटा सोसतो. रंगमंचावर जाण्याआधी छाती धडधडू लागली तर श्वास सावकाश सोडावा. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती मंदावते. या गोष्टी साध्या आहेत, म्हणूनच त्या राहून जातात.

जबलपूरच्या मुलांना आणखी एक उदाहरण घरचेच आहे. भारताच्या संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीतील उद्देशिकेचे पान ज्यांनी सजवले, ते ब्योहार राममनोहर सिन्हा जबलपूरचे. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांचे ते शिष्य. १९२९ चा जन्म, म्हणजे त्या वेळी वय विशीच्या आसपास. २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेच्या सदस्यांनी स्वाक्षऱ्या केल्या आणि दोनच दिवसांनी प्रजासत्ताक अस्तित्वात आले. केवढे मोठे ते काम! परंतु इंग्रजी प्रतीचे सुलेखन प्रेम बिहारी नारायण रायजादा यांच्याकडे होते, हिंदी प्रतीचे वसंत कृष्ण वैद्य यांच्याकडे. आणि सजावट नंदलाल व त्यांच्या शिष्यांकडे. साऱ्या संविधानाचा भार त्या तरुणाच्या खांद्यावर नव्हता. त्याच्यासमोर एक पान होते. त्या पानाच्या कोपऱ्यात आजही ‘राम’ ही बारीक अक्षरे दिसतात. नेपियर टाउनपासून थोड्याच अंतरावर, गोलबाजारातील शहीद स्मारकात, त्यांच्या हातची भित्तिचित्रेही आहेत. मोठ्या कामाने छाती दडपली की आपले पान कोणते, एवढे विचारावे आणि तेच नीट रंगवावे.

शिक्षक आणि पालक यांच्यावर यातून काही जबाबदारी येते. स्नेहसंमेलनाची तारीख जाहीर करताना मधल्या मुदतीही जाहीर कराव्यात: संहिता कधी पूर्ण, पाठांतर कधी, रंगीत तालीम कधी. रंगीत तालमीनंतर दोन दिवस मोकळे ठेवावेत. अधिक महिना कुणाच्याही पंचांगात येऊ शकतो. अखेरच्या आठवड्यात नवी कल्पना, ती कितीही सुंदर असो, पुढच्या वर्षासाठी वहीत टिपून ठेवावी. मुलाने चूक केली तर ती त्याच दिवशी, शांत आवाजात आणि एकदाच सांगावी. आणि कार्यक्रम संपल्यावर बक्षीस कोणाला मिळाले याआधी, काम करताना मजा आली का, हे विचारावे. त्या प्रश्नाच्या उत्तरावरून पुढच्या वर्षी मूल रंगमंचावर येणार की नाही, ते कळते.

माजी विद्यार्थ्यांनाही हे लागू आहे. आज कोणी कचेरीत आराखडे करतो, कोणी वृत्तपत्रात लिहितो, कोणी नृत्याचा वर्ग चालवतो. तारीख प्रत्येकाच्या डोक्यावर आहे. प्रत्येक दिवाळीला अंक निघतो, प्रत्येक गणेशचतुर्थीला मूर्ती तयार असते. त्यामागचे लेखक आणि मूर्तिकार मुदतीशी भांडत बसत नाहीत, तिच्या चालीने चालायला शिकतात.

भेडाघाटला सहलीला न गेलेला विद्यार्थी या शाळेत सापडणे कठीण. धुवांधारला नर्मदा एवढ्या वेगाने कोसळते की तुषारांचा धूर होतो, आणि थोडे पुढे संगमरवरी कड्यांच्या मध्ये तीच नदी इतकी संथ होते की तिच्यावर नाव फिरते. पाणी तेच, ओढही तीच. खोल पात्र मिळाले की खळखळ थांबते. मुलांच्या उत्साहाला असे पात्र आखून देणे, हे साठ वर्षे ही शाळा करीत आली आहे. येत्या स्नेहसंमेलनाच्या आदल्या रात्री या शाळेचे प्रत्येक मूल पोटभर जेवून वेळेवर झोपी गेले, तर हीरक महोत्सव खऱ्या अर्थाने साजरा झाला असे म्हणता येईल.