फराळाचा पैसा आणि विद्यार्थ्यांचा निधी
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मजसारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या, आयुष्यभर पाढे आणि शुद्धलेखन घोटून घेतलेल्या शिक्षकास बोलण्याची आज्ञा व्हावी, हा कार्यकारी मंडळाचा लोभ होय. विषय साधा आहे : दिवाळीचा फराळ विकून विद्यार्थी साहाय्यक निधीत भर घालावी की नाही? घालावी, असे माझे मत आहे. परंतु तत्पूर्वी एक कबुली देणे मला अवश्य वाटते.

हा उपक्रम आपण प्रथम केला, तेव्हा हिशेबाची वही मजकडे होती. भगिनींनी चकल्या, शंकरपाळे, लाडू आणि अनारसे केले. आम्ही मात्र मागणी न विचारता माल करविला, ओळखीच्यांस उधार दिला, आणि आल्यागेल्याच्या हातावर चवीपुरते जे ठेवले त्याची नोंदही केली नाही. पाडव्यास गल्ला मोजून आम्ही हर्षभरित झालो. वाण्याची देणी भागविल्यावर हाती जवळजवळ काहीच उरले नाही.

सुटी संपताच एका विद्यार्थ्याचे वडील दुसऱ्या सत्राची वसतिगृहाची फी नेण्यास आले. गल्ल्याच्या भरवशावर आम्ही तसे वचन देऊन बसलो होतो. मी वही उघडून खरे ते सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले. मग उरलेल्या मालातील चकलीची एक पुडी उचलून त्यांनी तिची पूर्ण किंमत टेबलावर ठेवली, आणि ‘मुलाला आवडते’ एवढेच बोलून ते निघाले. फी पुढे आम्ही चौघांनी खिशातून भरली. पण त्यास विक्रीचे यश म्हणता येत नाही. त्या पुडीचे पैसे मीच वहीत जमा केले. ती ओळ आजही मला वाचवत नाही.

पदार्थ विकून संस्थेस साहाय्य करण्याची युक्ती काही आपलीच नव्हे. १९१७ साली अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात, मस्कोगी गावी, गर्ल स्काउट्सच्या एका पथकाने बिस्किटे भाजून शाळेच्या उपाहारगृहात विकली. १९२२ च्या जुलैमध्ये त्या संघटनेच्या ‘द अमेरिकन गर्ल’ मासिकाने कृतीसोबत हिशेबही छापला : सहा-सात डझनांस साहित्याचा खर्च २६ ते ३६ सेंट, विक्री डझनास २५ ते ३० सेंट. म्हणजे सहा डझनांचे कमीत कमी दीड डॉलर. त्यातून ३६ सेंट वजा जाता १ डॉलर १४ सेंट उरतात. दुसऱ्या महायुद्धात साखर, पीठ, लोणी यांची टंचाई झाली, तेव्हा १९४४ मध्ये मुलींनी बिस्किटांऐवजी दिनदर्शिका विकल्या. वस्तू बदलली, कार्य थांबले नाही.

तथापि त्या हिशेबात एक रकाना रिकामा आहे, आणि तो श्रमाचा. उरलेली रक्कम हे वस्तुतः मुलींच्या हातांचे मोल होय. आपल्याकडेही तेच. अनारशासाठी तांदूळ तीन दिवस भिजवावे, रोज पाणी बदलावे, फडक्यावर सुकवावे, कुटून चाळावे, गूळ घालून पीठ मुरू द्यावे, मग खसखशीवर थापून एकेक मंद आचेवर तळावा. इतके करून अनारसा तुपात हसला, तर रडण्याची पाळी करणारणीवर! या साऱ्याचे मोल आपल्या वहीत शून्य, आणि श्रेय मात्र मंडळाचे. घरून आणलेले तूप-साखरही आपण लिहीत नाही. न लिहिलेले दान हे दान राहते खरे, परंतु हिशेब खोटा होतो.

आपल्या स्त्रियांनी पदार्थ विकणे शोभते काय, असे कोणी विचारतात. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. त्यातून लिज्जत पापडाची संस्था उभी राहिली. त्या कामास कमीपणाचे कोण म्हणेल? भेद इतकाच, की तेथे श्रमाचा मोबदला लाटणारणीस मिळतो. आपल्या भगिनी तो निधीस अर्पण करतात. म्हणून आपले उत्तरदायित्व अधिक.

माझ्या सूचना थोड्या आहेत. दसऱ्यापर्यंत मागणी व रोख रक्कम घ्यावी, आणि मागणीइतकाच माल करावा. उधारी अध्यक्षांसही देऊ नये. घरून आलेले साहित्य व कामाचे तास लिहावेत, आणि वही भगिनींपैकीच एकीकडे असावी. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या व्याख्येत नफ्यासाठी नसलेला अन्नव्यवसायही येतो, हे ध्यानी घेऊन रीतसर नोंदणी करावी. फराळाची किंमत ही देणगी नव्हे. देणगी द्यावयाची त्याने वेगळी द्यावी आणि वेगळी पावती घ्यावी. शेवटची सूचना मी स्वतःस केलेली आहे : खर्च वजा जाऊन शिल्लक हाती येईपर्यंत कोणाही विद्यार्थ्यास वचन देऊ नये.

गोड पदार्थाने गोळा केलेल्या पैशाचा हिशेब कडू निघू नये, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.