काट्यावरचा भोपळा
(वसंत व्याख्यानमालेत एका निवृत्त अंगणवाडी पर्यवेक्षिकेने दिलेले व्याख्यान)



पत्रिकेवर विषय छापलाय ‘बालशिक्षणातील गुणवत्तेची मानके’. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काय काम उभं केलं, हे या सभागृहाला मी सांगायला नको. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तेही आपण जाणताच. थेट बालशिक्षणाच्या २०१३ च्या राष्ट्रीय धोरणावर येते.

त्यात मानकं आहेत: तीस मुलांना किमान ३५ चौरस मीटरची खोली, बाहेर खेळायला जागा, मातृभाषेतून शिकवणं, आणि तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक मोठं माणूस. या शेवटच्या मानकाचा हिशेब करा. अंगणवाडी चार तास धरली, तर एका मुलाच्या वाट्याला ताईची बारा मिनिटं येतात. त्यातले दोन तास नोंदवह्या आणि खिचडीत गेले की उरली सहा. कागदावर प्रमाण तेच, वीसास एक! (टाळ्या) टाळ्या नकोत, पुढच्या रांगेतल्या ताईंना विचारा, वह्या किती आहेत. (हशा)

एक प्रसंग सांगते, दोन मिनिटांत.

एका पाड्यावर तपासणीला गेले होते. वजनाचा दिवस. टांगता काटा, त्याला झोळी, आणि झोळी बघताच भोकाड पसरणारी एक चिमुरडी. ताईनं तिला ओढलं नाही. कोपऱ्यातला भोपळा आणला आणि झोळीत ठेवला. “जड कोण गं, हा का तू?” रडणं थांबलं. “मी!” “बघू या.” पोरगी आपणहून झोळीत बसली. मग दुसऱ्याला दगड मोजायचा होता, तिसऱ्याला चप्पल, चौथा म्हणाला, “ताईला बसवा!” आधी अंदाज, मग काटा. जड, हलकं, जास्त, कमी. भांडणं झाली, मिटली. एक मुलगा आठवड्याभरात बोलला नव्हता, तो म्हणाला, “भोपळा हरला.” ताईचे डोळे भरून आले होते.

मी घड्याळ पाहत होते. तक्त्यात रकाना होता: ‘वेळापत्रकानुसार पूर्वप्राथमिक शिक्षण झाले काय?’ मी लिहिलं, ‘नाही.’

(अध्यक्षांकडून चिठ्ठी.) पाचच मिनिटं? बरं.

मानकांना माझा विरोध आहे, असं कृपा करून कुणी समजू नये. गळकं छप्पर, दाराबाहेर उघडी विहीर, हे मोजपट्टीनंच पकडावं लागतं. पण मोजपट्टी खोली मोजते; खोलीत काय घडतं ते पाहायला तासभर मुलांजवळ जमिनीवर बसावं लागतं. म्हणून माझी मागणी एकच: तपासणीचा पहिला तास रिकाम्या हातानं. तक्ता नंतर.

इथले आजी-आजोबा जूनमध्ये नातवंडांसाठी बालवाडी शोधतील. रंगीत भिंती पाहून या, हरकत नाही. पण अर्धा तास आत बसायची परवानगी मागा. बाई मुलाच्या उंचीला येऊन बोलते का, उत्तरासाठी थांबते का, एवढंच पाहा.

वेळ संपली. त्या तक्त्यावरचं माझं ‘नाही’ दप्तरी तसंच राहिलं. ती ताई आज इथे नाही, तरी तुम्हा सर्वांसमोर मी ते खोडते आणि तिथे ‘हो’ लिहिते.