दूरच्या यंत्रांचा पहारा



गांवचा पहारेकरी रात्रीं हाळी देत फिरे, तेव्हां आपण अंथरुणांत पडल्या पडल्या निश्चिंत असूं. हाळी थांबली, कीं मात्र शंका येई: पहारेकरी झोंपला, कीं त्याला कोणी गांठलें? आजच्या विषयाचें मर्म या शंकेंतच आहे.

आमच्या चोपडा तालुक्याचें एक टोक तापीकांठीं, तर दुसरें सातपुड्याच्या पायथ्याशीं. २०११ सालीं मंजूर झालेल्या व पुढें 'भारतनेट' हें नांव मिळालेल्या योजनेनें ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याचें काम हातीं घेतलें. तंतूच्या टोकाशीं एक लहानशी पेटी असते. तिच्याजवळ राखणदार नसतो. मग तिची खुशाली दूरच्या कचेरींत कळावी कशी?

अशा यंत्रांसाठीं १९८८ सालीं एक रीत ठरली. तिचें नांव सिंपल नेटवर्क मॅनेजमेंट प्रोटोकॉल. किती मजकूर आला, किती गेला, किती वाटेंत बिघडला, याची मोजदाद यंत्र स्वतःच ठेवतें. मध्यवर्ती संगणक बहुधा दर पांच मिनिटांनीं ती विचारतो. नव्या आंकड्यांतून जुना वजा केला, कीं मधली वाहतूक निघते. पण जुन्या मोजणीला ४,२९,४९,६७,२९५ पर्यंतच जागा. पुढें पुन्हा शून्य. सेकंदास दहा कोटी बिटांनीं भरून वाहणाऱ्या तारेवर ही फेरी सहा मिनिटांच्या आंत पुरी होते. घड्याळाचा कांटा पाहून त्यानें किती फेरे घातले हें कळत नाहीं, तसेंच हें. म्हणून विचारपूस वेळेवर हवी. पुढें मोजणीची जागाही वाढविण्यांत आली.

१९९१ सालीं 'आरमॉन' ही दुसरी रीत आली. तींत दूरचें यंत्र मागील इतिहास जपून ठेवतें व भार वाढतांच आपण होऊन इशारा देतें. येथें एक शहाणपण आहे. शेकडा ८० ही एकच मर्यादा ठेविली, तर भार ७९ व ८१ यांमध्यें हेलकावे खातांना घंटा सारखी वाजेल. म्हणून दोन मर्यादा असतात. ८० वर गेल्यास घंटा. पण भार ६० च्या खालीं उतरल्यावांचून ती पुन्हा वाजायची नाहीं.

ही बारीक गोष्ट नव्हे. एका पावसाळ्यांत जवळच्या खेड्यांतील तार दोन दिवस बंद पडली. एका मुलीच्या प्रवेशाची मुदत संपत आली होती. तिच्या बापानें मजुरी बुडवून तिला तालुक्याला आणलें. अर्ज कसाबसा अखेरच्या घटकेला गेला. अशाच कामावर असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यास मीं विचारलें. तो म्हणाला, "गुरुजी, इशारा पहिल्याच सायंकाळीं आला होता. पण त्या दिवशीं इतक्या घंटा वाजत होत्या, कीं कोणी वर पाहिलेंच नाहीं."

उलट दोषही ध्यानांत ठेवावा. हा इशारा मूळ रीतींत एकदांच धाडला जातो, त्याची पोंच मिळत नाहीं. आणि वीज गेलेलें यंत्र बहुधा ओरडतही नाहीं. म्हणजे शांतता ही खुशालीची खूण नव्हे. यंत्रानें हांक मारावी, आपणही त्यास नेमानें विचारावें. आणि दोन्हींकडे कान देणारा माणूस जागा असावा. मोजणें यंत्राचें काम. पण त्या आंकड्यामागें कोणाचा अर्ज अडला आहे, हें जाणणें आपलें.