हिशेबाची विद्या व तिचे मार्ग

(मंडळाच्या विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



हिशेब ठेवणे म्हणजे निव्वळ कारकुनी, असा समज आपल्या समाजात अद्याप आढळतो. तो टाकून देण्यासारखा आहे. रोजकीर्द, खतावणी, तेरीज हे शब्द आपणांस परके नाहीत. प्रत्येक व्यवहाराची जमा व नावे अशी दुहेरी नोंद करण्याची पद्धती लुका पाचोली याने १४९४ साली व्हेनिस येथे छापलेल्या ग्रंथात विशद केली. तीच आज जगभर चालते. परंतु तेरीज जुळली म्हणजे हिशेब खरा ठरला, असे नव्हे. यंत्र विकत घेतले आणि ती रक्कम दुरुस्तीखाती लिहिली, तरी तेरीज जुळतेच; त्या वर्षीचा नफा मात्र खोटा ठरतो. बेरजा आता संगणक करतो. अशी चूक ओळखणारा विवेक, हीच या विद्येची खरी कमाई होय.

मार्ग अनेक आहेत. १९४९ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या संस्थेची सनदी लेखापालाची परीक्षा बारावीनंतर तीन टप्प्यांत देता येते; तीतील प्रत्यक्ष उमेदवारी २०२३ पासून दोन वर्षांची झाली आहे. कारखान्यातील उत्पादनखर्चाचा अभ्यास ज्यांना रुचेल, त्यांच्यासाठी परिव्यय लेखापालाचा अभ्यासक्रम आहे. शिवाय, ज्या महाराष्ट्रात १९५० साली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेथे पदवीधरांना शासनाची सहकार व लेखाशास्त्र पदविका घेऊन सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाकडे वळता येते.

या परीक्षा कठीण आहेत, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. हुशार मुलेही त्यांत दोनतीनदा अडतात. अशा वेळी सधन घरचा मुलगा पुन्हा परीक्षेस बसतो; गरीब घरची मुलगी मात्र अभ्यास सोडून मिळेल ती नोकरी धरते. बुद्धीने ती उणी नसते, उणा असतो तो वर्षभराचा खर्च. म्हणून मंडळास माझी विनंती आहे की, उत्तीर्णांचा गौरव अवश्य करावा, पण पहिल्या अपयशाबरोबर शिष्यवृत्ती बंद करू नये. ज्या बंधुभगिनींची स्वतःची कार्यालये आहेत, त्यांनी दरवर्षी निदान एक गरजू उमेदवार, नातेगोते न पाहता, हाताशी घ्यावा.

विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुमच्या सहीवर विसंबून कोणी आपली ठेव ठेवील, कोणी कर्ज देईल. ती सही कोणाच्याही भिडेखातर करू नका. मग समोरचा गृहस्थ आपल्या ज्ञातीचा का असेना. इतके सांगून मी आपली रजा घेतो.