अळंबी, आतडे आणि दादाची गोळी
(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



याच शाळेत आठवीच्या विज्ञानाच्या तासाला मी विचारले होते, “बाई, अळंबी वनस्पती की प्राणी?” बाई म्हणाल्या, “दोन्ही नव्हे.” त्या दोन शब्दांनी मला आयुष्यभर पुरेल एवढे काम दिले.

अळंबीच्या पेशीभित्तिकेत मुख्यतः दोन द्रव्ये असतात. एक कायटिन, जे खेकड्याच्या कवचातही आढळते. आणि दुसरे बीटा-ग्लुकान, म्हणजे ग्लुकोजच्या कणांची लांब साखळी. ही साखळी तोडणारे विकर मानवी शरीर तयार करीत नाही. त्यामुळे ती बहुतांशी न पचताच मोठ्या आतड्यात उतरते. तेथील जिवाणू तिला आंबवतात. इडलीचे पीठ रात्रीतून फुगते, त्याच जातीची ही क्रिया. त्यातून अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही लघुशृंखला मेदाम्ले निर्माण होतात. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तराचे मुख्य इंधन. प्रोपिओनेट रक्तावाटे यकृतात पोहोचते, जेथे मेदाचा मोठा व्यवहार चालतो. शिवाय ही आम्ले आतड्यातील काही पेशींना तृप्तीचा संदेश देणारी संप्रेरके स्रवावयास लावतात.

२०१५ साली तैवानमधील संशोधकांनी मेदयुक्त आहारावरील उंदरांना गॅनोडर्मा या कवकाचा अर्क दिला. त्यांचे वजन कमी वाढले. परंतु मला अधिक महत्त्वाचे वाटते ते पुढचे: या उंदरांची विष्ठा इतर उंदरांच्या आतड्यात पोहोचविली, तेव्हा त्यांचेही वजन आटोक्यात राहिले. गुण जिवाणूंबरोबर गेला! अर्थात, हे उंदीर होते. आणि गॅनोडर्मा लाकडासारखे कठीण, त्याची भाजी होत नाही.

हा फरक मी घरी सांगावयास विसरलो. धिंगरीत लोवास्टॅटिन असते, कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांच्याच कुळातले, असे मी दादाला मोठ्या कौतुकाने सांगितले. दादाने कोणालाही न विचारता गोळी बंद केली आणि अळंबीच्या भुकटीच्या कॅप्सूल सुरू केल्या. पाच महिन्यांनी तपासणीत कोलेस्टेरॉल पूर्वीच्या जागी! डॉक्टर त्याच्यावर रागावले. खरे तर मी समोर उभा राहावयास हवे होते. धिंगरीतील लोवास्टॅटिन वाणानुसार आणि लागवडीनुसार कमीजास्त होते. गोळीतले मोजलेले असते. एवढे वाक्य मी बोललो नव्हतो.

पालक मला विचारतात, रोज किती खावी? मात्रा ठरविण्याइतके मोठे प्रयोग माणसांवर झालेले नाहीत. आठवड्यातून एकदोनदा, तळणीऐवजी परतून, भाजी म्हणून खावी. पावसाळ्यात रानातून आणलेली अनोळखी अळंबी मात्र शिजवू नये. काही जातींचे विष उकळूनही जात नाही.

दादा आज दुसऱ्या रांगेत बसला आहे. गोळी सकाळी घेतली की नाही, हे चहाच्या वेळी त्यालाच विचारावे.