साडेसात लाखांची मर्सिडीज

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षात सभासदांनी क्लब हाउसमध्ये केलेल्या भाषणांपैकी हे एक. रेकॉर्डिंगवरून उतरवून घेताना बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



कमिटीने मला विषय दिला होता, 'वाहन विमा : समज आणि गैरसमज'. तो विषय नोटीस बोर्डावर लागला असता तर आमच्या घरच्यांनीसुद्धा आज दांडी मारली असती. म्हणून मी परवानगी घेऊन विषय थोडा बदललाय. गेल्या दोन-तीन वर्षांत लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, अगदी गणपतीच्या आरतीच्या रांगेतही मला एकच प्रश्न विचारला जातो : "काका, जुनी मोठी गाडी घ्यावी का हो? स्वस्तात मिळतेय."

मी विमा सर्व्हेअर होतो. म्हणजे धडधाकट गाडी मी फारशी पाहिलेली नाही. माझ्यापुढे यायची ती ठोकलेली, बुडालेली नाहीतर जळालेली. त्यामुळे माझं मत जरा एकांगी असणार, हे आधीच कबूल करतो.

आता गोष्ट सांगतो. ज्यांची आहे त्यांची परवानगी घेतलीय. तुम्ही-आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणतो. ते इथेच दुसऱ्या रांगेत बसलेत आणि आत्ताच माझ्याकडे डोळे वटारून बघतायत.

गेल्या मार्चमधली गोष्ट. रविवारी सकाळी भाऊ मोबाइल घेऊन आले. फोटोत काळी मर्सिडीज, ई-क्लास, पेट्रोल, २०११ सालची. ७८ हजार किलोमीटर चाललेली. किंमत साडेसात लाख. तेवढ्या पैशांत आज शोरूममधून छोटी हॅचबॅक येते. मी नेहमीप्रमाणे "कशाला त्या फंदात पडता" म्हणणार होतो, तेवढ्यात भाऊ म्हणाले, "साहेब, ही चाकणची आहे. २०११ साली मी लाइनवर होतो. ही माझ्या हाताखालून गेलेली असणार."

नव्या सभासदांना माहीत नसेल म्हणून सांगतो. भाऊ टेल्कोत अप्रेंटिस म्हणून लागले. पुढे मर्सिडीजने टेल्कोशी भागीदारी करून पिंपरीतल्या टेल्कोच्याच आवारात गाड्या जोडायला सुरुवात केली. १९९५ साली पहिली ई-२२० तिथून बाहेर पडली. जर्मनीहून सुटे भाग पेट्यांतून यायचे आणि आपली चिंचवड-आकुर्डीची पोरं ती गाडी उभी करायची. भाऊ त्या पोरांतले. २००९ मध्ये कारखाना चाकणला गेला, भाऊही गेले. आयुष्यभर त्यांनी त्या गाड्या जोडल्या आणि स्वतः आले-गेले कंपनीच्या बसने. घरात एक वॅगन-आर, तीही मुलाने घेतलेली.

तेव्हा हा प्रश्न नुसता हिशेबाचा नव्हता. पण हिशेब करायला मला बोलावलं होतं, म्हणून मी हिशेबच केला.

पहिली गोष्ट मी त्यांना सांगितली ती अशी. गाडीची किंमत चौदा वर्षांत पार खाली आली, पण तिच्या सुट्या भागांची किंमत खाली आलेली नाही. हेडलाइट फुटला तर दुकानदार तुम्हाला विचारत नाही की गाडी केवढ्याला घेतली. त्या एका दिव्याच्या बिलात चांगली स्कूटर येते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं काम निघालं तर आकडा लाखांतच बोलायचा. म्हणजे विकत घेताना तुम्ही हॅचबॅकचे गिऱ्हाईक असता आणि गॅरेजच्या दारात उभे राहिलात की पन्नास लाखांच्या गाडीचे मालक.

इथे विमा आपल्याला तारेल असं पुष्कळांना वाटतं. मंडळी, इथेच माझा मूळ विषय मी गुपचूप आत आणतोय! जुन्या गाडीला शून्य घसाऱ्याची पॉलिसी सहसा मिळत नाही. साध्या पॉलिसीत रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांवर निम्मा घसारा कापतात. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे कापतात आणि दहा वर्षांच्या पुढे तोही ५० टक्के. मोठ्या गाडीचा बंपर प्लॅस्टिकचाच असतो. लाखाचा बंपर बदलला तर ५० हजार तुमचे.

आणि याहून वाईट एक आहे, ते कुणी सांगत नाही. पाच वर्षांवरच्या गाडीची विमा-किंमत कंपनी आणि मालक आपसात ठरवतात. समजा ती ६ लाख ठरली. दुरुस्तीचा खर्च त्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर, म्हणजे साडेचार लाखांवर गेला, की गाडी 'टोटल लॉस' धरतात. आता समोरून मध्यम धडक बसली, दोन एअरबॅग उघडल्या, रेडिएटर गेला, बॉनेट आणि दोन्ही दिवे गेले. तुमच्या-माझ्या छोट्या गाडीला हे सगळं बसवून ती पुन्हा रस्त्यावर येते. या गाडीचं बिल साडेचार लाख कधीच ओलांडून जातं. चांगलं इंजिन, सरळ चासी असलेल्या गाड्या मी स्वतः अहवाल लिहून भंगारात पाठवल्यात. मालक रडकुंडीला यायचे. लिहिताना मलाही बरं वाटत नसे.

भाऊंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. आता बघायला कधी जायचं?"

गेलो. मी विक्रेत्याला आदल्या दिवशी बजावलं होतं, की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. गरम इंजिन बरंच लपवतं. थंड इंजिन पहिल्या पाच सेकंदांत काय ते बोलून टाकतं. आम्ही सातला पोचलो आणि बॉनेटला हात लावला तर कोमट! "साहेब, जरा पुसायला बाहेर काढली होती." असू दे.

मग मी माझ्या सवयीने सुरू झालो. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिले. गाडी पाण्यात बुडालेली असेल तर पट्ट्याच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते, कारण तिथवर कुणी धूत नाही. २००५ च्या २६ जुलैनंतर मुंबईच्या अशा किती गाड्या धुऊन-पुसून बाहेरगावी विकल्या गेल्या, ते आम्ही सर्व्हेअर लोकांनी पाहिलंय. इथे पट्टे स्वच्छ होते. टायरवरचा चार आकडी शिक्का वाचला, ३४१६. म्हणजे २०१६ सालचा चौतिसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक, पण रबर नऊ वर्षांचं, कडेला बारीक चिरा. चार टायर लगेच.

सर्व्हिसची वही मागितली. शेवटचा शिक्का २०१८ चा, ७१ हजारावर. विक्रेता कौतुकाने म्हणाला, "बघा साहेब, सात वर्षांत सातच हजार चाललीय!" मंडळी, हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. एक तर मीटर मागे फिरवलेला असतो, नाहीतर गाडी खरोखरच उभी राहिलेली असते. उभी राहिलेली गाडी म्हणजे ठेवणीतली पैठणी नव्हे. तेलाचे सील सुकतात, रबराची बुशिंग कडक होतात, ब्रेकच्या तेलात पाणी उतरतं, शीतकरणाच्या प्लॅस्टिकच्या नळ्या ठिसूळ होतात. त्यात गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं याची कुठे नोंद नाही.

शेवटी मी स्कॅनर लावला. हल्ली हे यंत्र हजार-दोन हजारांत मिळतं आणि जुनी गाडी घेणाऱ्याने ते उसनं का होईना, न्यावं. दोषांची एकही नोंद नव्हती. विक्रेता खूश. पण गाडीचा संगणक स्वतःच्या काही तपासण्या करत असतो. त्या सगळ्या 'अपूर्ण' दाखवत होत्या. नोंदी पुसल्या किंवा बॅटरी काढली की असं होतं आणि त्या पूर्ण व्हायला गाडी काही दिवस रस्त्यावर चालावी लागते. विचारलं, तर म्हणाला बॅटरी जुनीच आहे. म्हणजे आम्ही येण्याआधी कुणीतरी पाटी कोरी केली होती. पाटीवर काय लिहिलं होतं, ते आता कळायला मार्ग नाही.

एवढा वेळ भाऊ काय करत होते? दार उघडत होते आणि बंद करत होते. चारही दारं, पुन्हा पुन्हा. दाराच्या फटीवरून बोट फिरवत होते. मग गुडघ्यावर बसून डॅशबोर्डखाली हात घातला, चाचपून बघितलं आणि मला म्हणाले, "वायरिंगच्या क्लिपा कुणी उघडलेल्या नाहीत. आम्ही बसवल्या तशाच आहेत." मग विक्रेत्याला म्हणाले, "कोड का पुसले?" तो काहीतरी बोलला. भाऊंनी चावी त्याच्या हातात दिली आणि आम्ही परत आलो. रस्त्यात एक अक्षर बोलले नाहीत.

त्यांच्या घरी चहाला बसलो. मुलगा म्हणाला, "बरं झालं. बाबा, आता एफडीत टाका." तेव्हा वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी वेगळे काढलेले पैसे याच रकमेत आहेत की काय, अशी मला धास्ती होती आणि मी ते विचारलंही. त्या म्हणाल्या, "ते वेगळे आहेत, भावजी. यांनी आयुष्यभर लोकांसाठी गाड्या बांधल्या. मला एकदा त्यात बसून आळंदीला जायचंय. भाड्याची नको."

आता यावर सर्व्हेअरने काय अहवाल लिहावा?

मग आम्ही तिघांनी कागद घेतला. गाडी साडेसातपर्यंत घ्यायची असेल तर आणखी तीन लाख बाजूला, पहिल्या वर्षासाठी. ते नसतील तर गाडी पाचाचीच बघायची किंवा बघायचीच नाही. दुसरं, कागद पूर्ण हवेत. २०११ ची गाडी म्हणजे २०२६ ला पंधरा वर्षं भरणार. पुढे पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवायची तर आरटीओची तपासणी, पर्यावरण कर आणि फी. ही फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० ची ५,००० झालीय. बँकेचा बोजा उतरलेला हवा, ई-चलन थकलेली नकोत. दिल्लीकडची गाडी नको, कितीही स्वस्त असली तरी. तिकडे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली आणि तेव्हापासून तिकडचा माल इकडे येतोय. इथे पुन्हा रस्ता कर, पुन्हा एनओसीच्या खेपा. आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो त्याच्याकडेच राहतो. विक्रेते तोही विकतात!

राहिली जागा. आपली आखलेली जागा अडीच मीटर बाय पाच मीटर. ही गाडी पावणेपाच मीटरच्या वर लांब आणि भाऊंच्या जागेला डाव्या बाजूने खांब. टेप घेऊन आम्ही दोघं रात्री दहाला खाली मोजत होतो, तेव्हा वॉचमनने सेक्रेटरींना फोन केला. ते प्रकरण तुम्हाला माहीतच आहे. गाडी बसते. वहिनींना मात्र खांबाच्या अलीकडेच उतरावं लागेल. आणि गेटसमोरचा तो स्पीडब्रेकर कमी करायचा ठराव मी पुढच्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहे, त्याला भाऊंचं अनुमोदन गृहीत धरा.

त्यानंतर आम्ही चार गाड्या पाहिल्या. दोन बुडालेल्या, एक ठोकून रंगवलेली, एक चांगली होती पण मालकाने ऐनवेळी विकायचं रद्द केलं. मी अजूनही भाऊंना "घेऊ नका" असंच म्हणतो, ते अजूनही "बरोबर आहे" म्हणतात आणि पुढची बघायला निघतात.

औंधला एका डॉक्टरांची आहे. एकच मालक, सगळ्या सर्व्हिसची बिलं फाइलला लावलेली, दर वर्षी सात-आठ हजार किलोमीटर नेमाने चाललेली. उद्या सकाळी सहाला निघायचंय आणि डॉक्टरांनी शब्द दिलाय की आम्ही येईपर्यंत चावी लावणार नाहीत. तेव्हा मी इथेच थांबतो. प्रश्न असतील तर भाऊंना विचारा, त्यांना आता माझ्याहून जास्त माहिती आहे.